परहेज : जाम

आपल्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहून द्या. मी म्हटलं, माझी नोकरी म्हणजे लोकांची नाकं. म्हणाले, चालेल. मी म्हटलं, शाळा सातवीपर्यंतच झाली. म्हणाले, शुद्ध करून घेऊ. घ्या करून. फक्त बोलण्यात जिथं मले-तुले येते तिथं हात लावू नका. माझी बायको जन्मात कधी ‘मला’ म्हणाली नाही, आता छापून तिच्या तोंडी घालू नका.

बायको, म्हणजे कुसुम, जाऊन दीड वर्ष झालं. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. ‘माझं चुकलं’, एवढीच. सहा वर्षं ती जिभेवर होती आणि बाहेर काही आली नाही. हे लिखाण मी तिच्यासाठीच घेतलं आहे. पण नाकाचं समजल्याशिवाय माझी चूक समजणार नाही, म्हणून आधी नाक.

रायपुरात पंडरीच्या रस्त्याला नाक-कान-गळ्याचे एक डॉक्टरसाहेब होते, त्यांच्याकडे मी बावीस वर्षं काढली. लोक मला कंपाउंडर म्हणत. औषध मी कधी घोटलं नाही. दारातल्या टेबलावर बसायचं, नंबर द्यायचा, कार्ड लिहायचं, आणि साहेब नाकात दुर्बीण घालतील तेव्हा पेशंटचं डोकं मागून दोन हातांनी धरून ठेवायचं. डोकं धरण्यात मी वस्ताद. मोठमोठे अफसर माझ्या हातांत लेकरासारखे गप बसलेले आहेत.

साहेब साताऱ्याकडचे. बाईसाहेबांच्या नोकरीपायी इकडे आले आणि राहिले. त्यांची मराठी इस्त्री केलेली. आमची ऐकून ते सुरुवातीला गालात हसत, मग नंतर त्यांचीच पोरगी घरात "काहून" म्हणू लागली तेव्हा हसणं थांबलं.

तेव्हा छत्तीसगढ राज्य नवं झालं होतं आणि रायपूर राजधानी. भोपाळहून फायली आल्या, फायलींमागे साहेब लोक आले, आणि साहेब लोकांमागे एसी आले. त्याआधी मे महिन्यात आम्ही सगळे सारखेच घामात असायचो, नाकाला एकच ऋतू सांभाळावा लागे. आता गाडीत थंड, रस्त्यावर भट्टी, ऑफिसात पुन्हा थंड. सिलतऱ्याच्या कारखान्यांतले लोक तर भट्टीजवळून उठून थेट एसीच्या केबिनीत सही करायला जात आणि सहीवर थेंब पडे. दवाखाना भरू लागला. सगळे एकच सांगत: सर्दी आहे, सहा महिने झाले, जात नाही. नाहीतर म्हणत, एलर्जी आहे. तेव्हा एलर्जी हा शब्द नवाच आला होता आणि ज्याला त्याला हवा होता.

साहेबांनी मला एकदा फुरसतीत समजावून सांगितलं. एलर्जीवाल्याचं नाक खाजते, डोळे लाल होऊन पाणी येते, शिंका एकीला एक लागून निघतात. सर्दी असली तर ताप, अंगदुखी, आणि आठवड्यात गाडी रुळावर. पण काही लोकांना यातलं काहीच नसते. खाज नाही, ताप नाही, सुई टोचून एलर्जीची टेस्ट केली तर कातडीवर काही उठत नाही. फक्त नाक. नाकाच्या आत रक्ताच्या बारीक नळ्यांचं जाळं असते. बाहेरची हवा थंड असली की गरम करायची, कोरडी असली की ओली करायची, हे त्याचं काम. तिथं बसलेला चौकीदार कोणाचा शहाणा असतो, कोणाचा घाबरट. घाबरट असला की एसीचा झोत आला, अगरबत्ती लावली, फोडणी दिली, मिरची खाल्ली, सासू रागावली, काहीही झालं तरी तो चोर आला म्हणून ओरडतो. या आजाराचं नाव साहेबांनी सांगितलं व्हॅसोमोटर. मी ते ‘वासू मोटर’ असं ध्यानात ठेवलं. पुढे एका पेशंटला मी विश्वासानं सांगितलं की तुम्हाला वासू मोटर आहे. तो म्हणाला, भैया, मेरे पास तो साइकिल है.

या वासू मोटरचे दोन प्रकार. एक वाहणारे. यांचं नाक नळासारखं, पाण्यासारखं पातळ, रुमाल पुरत नाहीत. दुसरे जाम. यांचं वाहत नाही, आतून सुजून बंद. कूस बदलली की वरची नाकपुडी उघडते आणि खालची बंद होते. तोंडानं श्वास घेऊन घेऊन जीभ वाळते, आवाज मटक्यातून आल्यासारखा. पोटुशी बाईचं नाक असंच महिनोन्‌महिने जाम राहते आणि बाळंत झाली की आपोआप मोकळं होते. म्हाताऱ्यांचा प्रकार पहिल्यातलाच. जेवायला बसलं की नाकाच्या शेंड्यावर थेंब. मी त्या म्हाताऱ्यांना फार हसलो आहे. आता माझा स्वतःचा थेंब वरणात पडतो.

साहेबांचा हुकूम होता की पेशंट आत पाठवण्याआधी कार्डावर एकच शब्द लिहायचा: वाहतं, की जाम. इतकंच. तिथून सगळं बिघडलं.

साताऱ्याकडे पेरू म्हणतात. आपल्याकडे नागपूरपासून रायपूरपर्यंत पेरूला जाम म्हणतात. मराठी म्हणते, हिंदीवाला म्हणतो, छत्तीसगढीही म्हणते. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. आणि आमचं कार्ड छापलेलं होतं हिंदीत. त्यावर दोन चौकटी: एक ‘शिकायत’, म्हणजे तक्रार, एक ‘परहेज’, म्हणजे पथ्य. शिकायतीच्या चौकटीत साहेब स्वतः इंग्रजीत काहीबाही लिहीत, ती भरून जाई. परहेजची चौकट मोकळी पडलेली असे. मोकळी जागा पाहून मी तिथं लिहू लागलो. लाल पेनानं, ठळक, साहेबांना चष्म्याशिवाय दिसावं म्हणून.

परहेज : जाम.

एकदा नाही. वर्ष-दीड वर्ष, जितके जाम नाकाचे लोक आले त्या सगळ्यांच्या कार्डावर.

वाहणाऱ्यांचं काही बिघडलं नाही. ‘परहेज : वाहतं’ याचा अर्थ कोणालाच लागला नाही, म्हणून कोणी मानलाही नाही. त्यांच्यातले पंडरीचे एक कापडवाले शेठ मला अजून आठवतात. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास नाकात गेला की त्यांचं वाहू लागे. नवा तागा उलगडला की धार. गिऱ्हाइकाला वाटे, शेठ इतक्या कमी भावात देतो आहे की बिचाऱ्याला रडू येऊन राहिलं. साहेबांनी स्प्रे दिला, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला शिकवलं, तोंडाला कापड बांधायला सांगितलं. पंधरा दिवसांत आराम. महिन्यानं शेठ परत आले, म्हणाले, थोडं राहू द्यायचं होतं.

जाम लोकांचा पुढारी निघाला मंत्रालयातला एक बाबू. भोपाळहून बदलून आलेला, बोलका. याचं नाक बंद राहायचं म्हणून हा दुकानातून नाकात घालायचे थेंब आणी. दोन थेंब टाकले की नाक उघडे, तासा-दोन तासांत आधीपेक्षा जास्त बंद. मग पुन्हा थेंब. साहेब म्हणाले, आता तुमचं नाक एसीनं बंद होत नाही, थेंबांनीच होतं आहे. बाबूच्या खिशात एक बाटली, ड्रॉवरमध्ये एक, स्कूटरच्या डिक्कीत एक. घरवाली सांगत होती की देवघरातही एक आहे. साहेबांनी सगळ्या सोडायला लावल्या. तीन आठवडे तो माणूस रोज माझ्या टेबलाशी येऊन एक थेंब मागे. मी दिला नाही. मग नाक उघडलं.

पण बाबूनं थेंब सोडताना कार्डही वाचलं होतं आणि जामही सोडला होता. आत गेला आणि साहेबांना म्हणाला, "साहब, जाम बिलकुल बंद है."

साहेब खूश. "पूरा बंद?"

"पंद्रह दिन से एक भी नहीं."

साहेबांना वाटलं, पंधरा दिवसांत एकदाही नाक अडलं नाही. म्हणाले, शाबास. बाबूला वाटलं, जाम सोडल्याची शाबासकी मिळाली. आणि त्यानं मंत्रालयभर सांगितलं की पंडरीवाले डॉक्टर सिर्फ जाम छुड़वाते हैं, नाक खुल जाती है. जामानं सर्दी होते हे आपल्यात आयांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. लोक दारातूनच विचारू लागले, भैया, कच्चा भी मना है क्या?

तुम्ही म्हणाल, तू लिहिणारा, तुला तर माहीत होतं. नाही माहीत. मला वाटलं पेशंट आत गेल्यावर साहेब खरंच जाम बंद करायला सांगत असतील. मोठा डॉक्टर आहे, त्यालाच कळत असेल. साहेबांना विचारायची माझी टाप नव्हती. शिवाय इतके लोक बरे होऊन जाताना मी डोळ्यांनी पाहत होतो. माझ्याच हातचं अक्षर, आणि त्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास माझाच बसला.

आता कुसुमचं नाक.

कुसुम दहावी पास, माझ्यापेक्षा तीन वर्ग जास्त, आणि तिचं नाक पहिल्या प्रकारचं, अस्सल वाहणारं. फोडणीवर झाकण टाकेपर्यंत वाहे. थंडीत चुलीपासून उठून आंगणात गेली की वाहे. ठेचा खाल्ला की ताटावरच नाकाला पदर. जास्त हसली तरी. पुरानी बस्तीत आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिची कीर्ती फार हळव्या बाईची होती. कोणाची पोट्टी सासरी निघाली की मंडपातला धूर, अत्तर, गर्दी, आणि कुसुमचं नाक सुरू. बाया म्हणत, पाहा, सख्खी मावशी कोरडी आहे अन् ही रडून राहिली. दोन-तीन घरांतून तर मुद्दाम आधी बोलावणं येई. ती म्हणे, अवो, मी रडत नाही, नाक आहे. कोणी मानत नसे.

तिला जाम फार आवडे. मागच्या आंगणात झाड होतं, माहेराहून, तिरोड्याहून तिनं रोप आणून लावलेलं. हंगामात हातात मिठाची पुडी घेऊन झाडाखाली उभी राही.

जाम सोडून बंद नाक उघडते तर वाहणारंही थांबेल, असं माझ्या मनानं घेतलं. एका रविवारी मी तिला सांगितलं, आजपासून जाम बंद. डॉक्टर सगळ्यांना बंद करून राहिले, अन् माझ्याच घरात नाक वाहते, मला दवाखान्यात तोंड दाखवायला जागा नाही. ती म्हणाली, "माह्या नाकाचं अन् जामाचं काही नाही जी. जाम नसते तेव्हाबी वाहते." मी म्हटलं, तू डॉक्टर आहेस काय. पुढच्या रविवारी पुन्हा मिठाची पुडी दिसली. मी शेजारून कुऱ्हाड आणली आणि झाड तोडलं.

ती ओरडली नाही. झाडाला बांधलेली कपडे वाळवायची दोरी खाली पडली होती, ती गुंडाळत म्हणाली, "आता दोरी कुठं बांधू?" मी खिळा ठोकून दिला.

त्यानंतर काही महिन्यांनी फिरंतिन नावाची फळवाली दवाखान्यात आली. ही बाई जाम, बोर, सीताफळ जे असेल ते टोपलीत घेऊन सकाळी आमच्या पाऱ्यात फिरे आणि दुपारी दवाखान्याच्या फाटकाशी बसे. त्या दिवशी टोपली डोक्यावर तशीच घेऊन ती सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली. बाकावर दहा-बारा पेशंट.

"कस भैया, मोर जाम ला काबर बंद कराय हस?"

माझा जाम काहून बंद केला, असं विचारत होती. मी म्हटलं, मी नाही, डॉक्टरनं. ती म्हणाली, मग बोलाव तुझ्या डॉक्टरला, माझा जाम कोणी घेत नाही, ज्याला त्याला तुझं कार्ड दाखवून राहिले. आवाज ऐकून साहेब बाहेर आले. फिरंतिननं त्यांनाही तेच विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले, बाई, जाम बंद कशाला करीन, माझं काम जाम उघडायचं आहे. फिरंतिननं टोपलीतून एक जाम उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. "येला कइसे उघारबे?"

साहेब म्हणाले, हा तर पेरू.

बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, साहब, हमारे यहाँ इसी को जाम कहते हैं. साहेबांनी समोरच्या पेशंटच्या हातातलं कार्ड घेतलं. वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसून असे हसले की त्यांचंच नाक वाहू लागलं. मी खाली पाहत होतो. फरशीचा प्रत्येक ठिपका मला अजून आठवतो.

रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की परहेजच्या चौकटीला यापुढे हात लावायचा नाही, आणि जो येईल त्याच्या कार्डावरचा जाम खोडून द्यायचा. मी दोन महिने खोडत होतो. आमच्या पाऱ्यातल्या पेशंटांच्या तर घरी जाऊन खोडलं. सगळ्यांना सांगितलं की जाम खा, आपलं चुकलं. बाबूला सांगितलं तेव्हा तो पटकन मानायला तयार नव्हता.

एका घरी सांगितलं नाही, माझ्या. रोज दारापर्यंत ठरवून येई की आज सांगतो. आत आलो की मागच्या दाराच्या चौकटीतून तो खिळा दिसे. नुसतं जाम सोडायला लावलं असतं तर सांगितलंही असतं. झाड तोडून बसलो होतो. तोडलेलं झाड खोडून कसं देणार? आज नाही, सणाच्या दिवशी सांगू. सण झाला, हंगाम संपला, पुन्हा आला. कुसुमनं जामाचं नाव काढलं नाही. मी बाजारात दुसऱ्या बाजूनं जाऊ लागलो.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका दुपारी मी चहा पिऊन टेबलाशी परत आलो तर बाकावर कुसुम. लग्नाकार्याची निळी साडी नेसून, पर्स मांडीवर.

मी हळू आवाजात विचारलं, काहून आली?

"नाक दाखवाले."

मी म्हटलं, मग घरी सांगायचं, मी साहेबांना विचारलं असतं.

"घरी तर तुमीच डॉक्टर हा," ती मोठ्यानं म्हणाली. "इथं दुसरा बसते म्हणून आली. लिहा कार्ड, लोक थांबून राहिले."

बाक कान देऊन ऐकत होता. मी कार्ड घेतलं. सवयीनं तोंडातून निघालं, नाव?

"इसरले काय?"

लिहिलं. वय विचारलं. म्हणाली, "तुमच्याहून चार कमी. तुमचं माहीत असन तर लिहा." मला नव्हतं नीट माहीत. अंदाजानं लिहिलं. बाक हसून राहिला होता. मी विचारलं, वाहतं की जाम. ती म्हणाली, "वाहते. फोडणीले वाहते, आंगणात निघाली की वाहते, लग्नात वाहते. तुमच्याशी बोलतानीबी वाहते."

मी कार्ड तिच्याकडे सरकवलं. तिनं घेतलं नाही. परहेजच्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि या वेळी हळू बोलली, फक्त मला ऐकू जाईल असं.

"अन् हे? हे बी भरा ना. तुमी सांगान ते."

साहेबांनी चौकटीला हात लावू नको म्हटलं होतं. खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. आजूबाजूला लोक होते, ती भांडली नसती. माझ्या हातात लाल पेन होता. मी लिहिलं, जाम.

तिनं ते वाचलं. म्हणाली, "बरं."

आत मला तिचं डोकं धरावं लागलं. बावीस वर्षांत हजारो डोकी धरली, हे एक कधी दोन हातांत धरलं नव्हतं. हलकं होतं. तेलाचा वास आला. साहेबांनी नाक पाहिलं, म्हणाले, व्हॅसोमोटर आहे, एलर्जी नाही, घाबरायचं काही नाही. वाफेपासून जरा लांब राहा, एकदम गरमातून थंडात जाऊ नका, मिठाच्या पाण्यानं धुवा, हा स्प्रे घ्या. पूर्ण जाणार नाही, कमी होईल. मग त्यांची नजर कार्डावर गेली. लाल अक्षर. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कानाचं चित्र पाहू लागलो.

"यांना पथ्याचं तुम्ही समजावा," साहेब मला म्हणाले. "घरी. नीट."

सभ्य माणूस. मी हो म्हटलं आणि घरी गेल्यावर समजावलं नाही. त्या रात्री तिनं भाकरी वाढली, मी जेवलो. इतकंच.

साहेबांनी पुढे दवाखाना बंद केला, मीही घरी बसलो. सकाळच्या वेळी घरात राहवत नसे म्हणून मोठ्या देवळापर्यंत चक्कर मारून येई. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात कुसुमला ताप आला. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी गेली. त्यात कोणाची चूक नव्हती. बाया भेटायला आल्या, रडल्या, आणि एक जण खरंच म्हणाली की आता आमच्या पोट्टीच्या बिदाईत कोण रडन. मला हसू आलं. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

दहाव्या दिवशी फिरंतिन आली. टोपली बाहेर ठेवून ओट्यावर बसली. म्हणाली, दीदीला तलावाच्या पचरीवर रोज पाहायची सवय झाली होती. मी विचारलं, पचरीवर कशाला? तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बहुतेक विचार केला की आता लपवून काय. मग सांगितलं. मी सकाळी बाहेर पडलो की अकराच्या सुमाराला फिरंतिन तलावाच्या पायऱ्यांवर टोपली टेकवी. कुसुम येई, दोन जाम घेई, मिठाला लावून तिथंच खाई, नाक पुसून घरी जाई. हंगाम असला की रोज. इतकी वर्षं.

मी म्हटलं, तिला कळलं कसं की चालते?

"मैं तो ओही दिन बता दे रहेंव."

ज्या दिवशी ती टोपली घेऊन दवाखान्यात भांडायला आली, त्याच दिवशी संध्याकाळच्या आत. मी दोन महिने पाऱ्यात घरोघर जाम खोडत फिरत होतो तेही कुसुम पाहत होती, आणि आपल्या दाराशी मी कधी येतो याची वाट पाहत होती. मी विचारलं, मग ती मला बोलली काहून नाही? फिरंतिन म्हणाली, मीही तेच विचारलं होतं. दीदी म्हणायची, झाड तर गेलं, आता मलाही सगळं माहीत आहे हे त्याला कळलं तर जेवण सोडून बसेल, त्याला उपाशी कोण ठेवते. आणि दवाखान्यात गेली होती त्या दिवसाचं सांगायची आणि हसायची.

"कहय, ओला एक मौका देहे रहेंव, फेर नइ सकिस."

एक मौका दिला होता, पण त्याला जमलं नाही. असं कुसुम म्हणायची.  फिरंतिन टोपली उचलून गेली.

मला वाटलं होतं, आता तिला ठाऊकच होतं म्हटल्यावर माझं ओझं उतरलं. उतरलं नाही. तिला माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. स्वयंपाक मीच करतो, वाईट करतो. तो करतानाही हेच मनात. शेवटी या हंगामात एका सकाळी मी ठरवून तलावावर गेलो. फिरंतिन पायरीवर बसली होती. कुसुमची जागा कोणती हे मी तिला विचारलं नाही, आपल्या मनानं अंदाज केला आणि तिकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "कुसुम, माझं चुकलं."

फिरंतिनला मराठी अर्धीमुर्धी कळते. तिला नाव तेवढं कळलं, बाकी वाटलं की मी कुसुमच्या नावानं जाम मागून राहिलो. टोपलीवरचं फडकं बाजूला करून म्हणाली, "कच्चा देवँव के पक्का?"

मी विचारलं, तुझी दीदी कोणता खायची?

"गद्दर."

म्हणजे ना कच्चा, ना पिकलेला. एका बाजूनं हिरवा, एका बाजूनं नुकता रंग धरलेला. छत्तीस वर्षांचा संसार, आंगणात झाड, आणि हे मला माहीत नव्हतं.

फिरंतिननं शोधून दोन काढून दिले, कागदात मीठ दिलं. मी निघालो तर म्हणाली, दीदी घरी नेत नव्हती, इथंच बसून खायची. आणि पायरीवर माझ्यासाठी जागा केली. नेमका मी जिकडे बोललो होतो त्याच्या उलट बाजूला. मी तिथं जाऊन बसलो.